काठीच्या सावलीने मोडलेले वेळापत्रक

आमची दोन्ही मुले घरीच शिकतात. थोरली अकरा वर्षांची आहे आणि धाकटा सात वर्षांचा. दर रविवारी रात्री मी पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक आखते आणि साधारणपणे मंगळवारपर्यंत ते मोडते, याची आता घरात सर्वांनाच सवय झाली आहे. या वेळी मात्र ते सोमवारी सकाळी, दशांश अपूर्णांकांच्या भागाकाराचे पान उघडण्याआधीच मोडले, कारण दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते हे पुस्तकातले वाक्य खरे आहे का, असे थोरलीने विचारले आणि मला खात्रीने उत्तर देता आले नाही.

अंगणात एक मीटर उंचीची काठी रोवली, ती सरळ उभी आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने पाहिले आणि दर १५ मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सुरुवात केली. बारा वाजले, तरी सावली आखडतच होती. साडेबाराच्या आसपासच्या तीन खड्यांमधला फरक पट्टीने मोजूनही कळेना, कारण मध्यान्हाच्या सुमारास सावलीची लांबी अगदी सावकाश बदलते. सर्वांत लहान सावलीचा नेमका क्षण पकडायला निघालेली माणसे तिथेच अडकतात.

तोडगा जुन्या ग्रंथात होता. काठीभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी सावलीचे टोक ज्या बिंदूवर वर्तुळाच्या आत शिरते आणि दुपारनंतर ज्या बिंदूवरून बाहेर पडते ते दोन्ही बिंदू जोडायचे, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही कृती कात्यायन शुल्बसूत्रात आहे आणि त्या काठीला शंकू म्हणतात. मंगळवारी आम्ही तेच केले आणि त्यासोबत घड्याळातल्या वेळाही लिहून ठेवल्या. टोक १० वाजून १० मिनिटांनी आत आले आणि ३ वाजून ६ मिनिटांनी बाहेर गेले. या दोन वेळांचा मध्य थोरलीने काढला, तो १२ वाजून ३८ मिनिटे आला. मग सूर्याला उशीर झाला होता की घड्याळाला घाई, यावर जेवताना बराच वाद झाला. विस्तीर्ण प्रदेशाचे घड्याळ एकाच रेखांशावर लावलेले असते आणि तिथून पश्चिमेला दर अंशामागे मध्यान्ह ४ मिनिटे उशिरा होते, हे पृथ्वीच्या गोलावर दाखवता आले. त्याशिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो, ही गोष्ट मी सांगितली खरी, पण ती तिच्या गळी उतरली असे मी म्हणणार नाही.

बुधवारी तळ्यावर गेलो. ही सहल धाकट्यासाठी होती. पाण्यावर पळणाऱ्या लांब पायांच्या किड्याला तो आधी कोळी म्हणाला, मग पाय मोजून चारच भरल्यावर गोंधळला. चित्र काढायला बसल्यावर त्याला डोक्याजवळ दुमडलेले दोन आखूड पाय दिसले, जे तो किडा भक्ष्य पकडायला वापरतो, आणि सहाचा हिशेब जुळला. मी बोटाने दाखवले असते, तर हेच काम अर्ध्या मिनिटात झाले असते. त्याला वीस मिनिटे लागली आणि त्या वेळात मी गप्प राहिले, याचे थोडे श्रेय मी घेते. चतुराचे पिल्लू पाण्यात राहते आणि खालचा ओठ झटकन पुढे फेकून शिकार पकडते हे दोघांनाही पाहायचे होते, पण जाळीत पिल्लू काही आले नाही.

गुरुवारी आभाळ भरून आले होते. वाचन झाले, शुद्धलेखन झाले, भांडण झाले.

शुक्रवारी संग्रहालयात जाण्याचे महिनाभर आधीच ठरले होते आणि त्याचा सावलीशी काही संबंध नव्हता. पूर्वी अशा भेटीआधी मी प्रश्नांची यादी देत असे. मुले मग यादीकडे पाहत आणि वस्तूंकडे पाठ फिरवत, म्हणून ती प्रथा मी बंद केली आहे. जुन्या उपकरणांच्या दालनात थोरली एका सूर्यघड्याळासमोर थांबली. तिची तक्रार साधी होती: आपली काठी सरळ उभी होती, मग यांनी ती तिरकी का लावली? मला उत्तर माहीत नव्हते. घरी आल्यावर पृथ्वीच्या गोलावर मातीच्या गोळीने काडीचा तुकडा चिकटवला, विजेरीला सूर्य केले आणि गोल फिरवत राहिलो. काडी उभी असली, तर ठरावीक वेळेची सावली प्रत्येक ऋतूत वेगळ्या दिशेला पडते. पण काडी पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवली, की तासांच्या रेषा वर्षभर त्याच राहतात. त्यासाठी काडी क्षितिजापासून त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी वर उचलावी लागते. सोमवारची काठी रोवली नसती, तर ती तिरकी पट्टी तिच्या लक्षातही आली नसती, असे मला वाटते.

शनिवारी अंगणातल्या झाडाची उंची सावलीवरून काढायची होती. थोरलीने झाडाची सावली आत्ताची घेतली आणि काठीची मात्र वहीतली, सोमवारी सकाळची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो हे आठवडाभर घोकूनही तिची ही चूक झाली. उत्तर तिच्या उंचीच्या दुपटीइतकेच आल्यावर तिने मान वर करून झाडाकडे पाहिले आणि स्वतःच खोडून टाकले. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजल्यावर काठीची ०.६४ मीटर आणि झाडाची ५.८ मीटर भरली. इथे तो दशांशांचा भागाकार आपल्या पायांनी चालत आला. ५८० भागिले ६४ करून तिने ९.०६२५ मीटर असे मोठ्या अभिमानाने लिहिले. तेव्हा तिच्या बाबांनी तिला झाडाच्या सावलीच्या टोकावर बोट ठेवायला सांगितले. तिला ते ठेवता येईना, कारण सूर्य बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो आणि त्यामुळे एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड दहा सेंटीमीटरपेक्षाही अधिक पसरलेली असते. शेवटचे तीन अंक तिने पुसले. धाकट्याचे मत असे पडले की पुसायचेच होते, तर एवढा भागाकार केलाच कशाला, आणि त्याला समजावण्याचे काम थोरलीकडे सोपवून मी पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक आखायला बसले.