तुम्ही विचारलेत म्हणून: सहावीत मुली काय शिकतात?

प्रवेशाच्या दिवसांत आणि पालकसभेत मला हमखास एक प्रश्न विचारला जातो: "बाई, सहावीत मुली नेमके काय शिकतात?" पहिली काही वर्षे मी उत्तरादाखल पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिकाच ऐकवत असे. पालक ती शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत आणि निघता निघता दाराशी थांबून मनातला प्रश्न विचारत: "आणि मुलींच्याच शाळेत घातले म्हणजे काही वेगळे शिकायला मिळते का?" मुलींच्या शाळेत सहावीला गणित शिकवण्यात आणि त्याच वर्गाची वर्गशिक्षिका म्हणून माझी बरीच वर्षे गेली, तेव्हा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवते.

अनुक्रमणिका थोडक्यात आटोपते. गणितात ऋण संख्या, अपूर्णांकांचे भागाकार, गुणोत्तर, शेकडेवारी आणि अक्षरांनी लिहिलेल्या राशी. विज्ञानात पेशी, पदार्थाच्या अवस्था आणि बल. इतिहासात नद्यांकाठच्या प्राचीन संस्कृती. भाषेत स्वतःचे मत कारणासह मांडणे. मुलींची शाळा म्हणून यातला एकही धडा वाढत नाही की गाळला जात नाही. मात्र या सगळ्या धड्यांत एक गोष्ट समान आहे आणि ती कोणत्याच अनुक्रमणिकेत लिहिलेली नसते. पाचवीपर्यंत शिक्षिका बहुतेक गोष्टी हातात धरून दाखवू शकते. सहावीत हे दाखवणे हळूहळू संपते. सात मणी दाखवता येतात, उणे सात मणी दाखवता येत नाहीत. ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्रह्मस्फुटसिद्धांतात या संख्यांचे नियम सांगितले, तेव्हा त्याने एकीला धन म्हटले आणि दुसरीला ऋण, म्हणजे कर्ज. आपण मराठीत आजही तेच शब्द वापरतो. तरीही दर वर्षी अर्धा वर्ग उणे आठ ही संख्या उणे तीनपेक्षा मोठी ठरवतो, आणि "ज्याच्यावर जास्त कर्ज, तो श्रीमंत का?" असे विचारल्यावरच पेन्सिली थांबतात.

अपूर्णांकांच्या भागाकाराला मी इतर कोणत्याही धड्यापेक्षा अधिक दिवस देते, आणि त्यामुळे माझा अभ्यासक्रम दर वर्षी मागे पडतो. "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा" हा नियम मुली एका तासात पाठ करतात, पण पाऊण भागिले अष्टमांश याचे उत्तर सहा येते म्हटले की त्यांना ते पटत नाही, कारण भागाकार केला की उत्तर लहान होते हे त्यांनी तिसरीपासून पाहिलेले असते. मग मी कागदाच्या पट्ट्या वाटते. पट्टी एकदा दुमडायची, पुन्हा दुमडायची, उलगडून चार भागांतला एक कापून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या तीन भागांपैकी प्रत्येकाचे मधोमध दोन करायचे. आता मोजा. सहा तुकडे बाकावर पडलेले दिसतात, तरी एखादी मुलगी विचारते, "पण मग आठाने गुणायचे कशाला?" मला याच प्रश्नाची वाट पाहायची असते. अख्ख्या पट्टीत अष्टमांश आठ वेळा बसतो, म्हणून पाऊण पट्टीत आठाच्या पाऊणपट वेळा बसतो. उलटे करून गुणणे म्हणजे एवढेच. हे एका मुलीने दुसरीला स्वतःच्या शब्दांत सांगितलेले कानावर पडेपर्यंत मी पुढचा धडा उघडत नाही.

माझ्या तासाला खोडरबर बाकावर येत नाही. चुकले तर त्यावर एक आडवी रेघ ओढायची आणि खाली पुन्हा लिहायचे, असा नियम आहे. त्यावरून पालकांनी तक्रारीही केल्या आहेत, कारण वह्या घाणेरड्या दिसतात. या नियमाचे मूळ एका वहीत आहे. एका मुलीच्या वहीतला कागद खोडून खोडून पारदर्शक झाला होता; तो उजेडात धरला, तेव्हा खाली तिने आधी लिहिलेले उत्तर दिसले. ते बरोबर होते. शेजारणीचे वेगळे आले म्हणून तिने ते पुसले होते, आणि शेजारणीचे चुकले होते. 2017 साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लहान मुलांना एका अतिशय हुशार व्यक्तीची गोष्ट सांगून, ती व्यक्ती स्त्री-पुरुषांच्या या चित्रांपैकी कोण असेल, असे विचारले होते. पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे सारख्याच प्रमाणात आपापल्या बाजूचे चित्र निवडत. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र स्त्रीचे चित्र कमी वेळा निवडू लागल्या होत्या. शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात, असे विचारल्यावर त्याच मुली मुलींकडे बोट दाखवत होत्या. गुण आमचे आणि बुद्धी दुसऱ्या कोणाची, ही वाटणी पहिलीच्या सुमारास झालेली असते, आणि सहावीत माझ्यापर्यंत ती खोडरबराच्या रूपाने पोचते, असे माझे मत आहे.

थोर शास्त्रज्ञ स्त्रियांच्या तसबिरी भिंतीवर लावून हे दुरुस्त होईल, यावर माझा विश्वास नाही. तसबिरीकडे दोन दिवसांनी कोणी पाहत नाही. त्याऐवजी मूळ संख्यांच्या धड्यात मी सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीला वर्गात आणते. 1776 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलीला तिथल्या नामांकित तंत्रविद्यालयात स्त्री म्हणून प्रवेश नव्हता. तिने व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या आणि लब्लां या पुरुषाच्या नावाने लाग्रांज आणि पुढे गाउस या मोठ्या गणितज्ञांना पत्रे लिहिली. गाउसला तिचे खरे नाव कळले ते 1807 साली. गोष्ट इथे संपवायची आणि काम द्यायचे: एक मूळ संख्या घ्या, तिची दुप्पट करा, त्यात एक मिळवा, उत्तरही मूळ संख्या आले, तर तुम्ही घेतलेली संख्या जर्मेनच्या नावाने ओळखली जाते. शंभरच्या आतल्या अशा सगळ्या शोधा. दोन, तीन, पाच, अकरा, तेवीस इथपर्यंत वर्ग एकमताने जातो. खरा तास 59 पाशी सुरू होतो, कारण तिची दुप्पट अधिक एक म्हणजे 119, आणि ही संख्या मूळ दिसण्यात पटाईत आहे. ती सम नाही, तिच्या अंकांच्या बेरजेला तीनने भाग जात नाही, शेवटी पाच किंवा शून्य नाही. निम्मा वर्ग तिला मूळ ठरवून मोकळा होतो. एकदा मागच्या बाकावरच्या, एरवी हजेरीपुरतेच बोलणाऱ्या मुलीने हात वर न करताच म्हटले, "सतरा साते एकशे एकोणीस." वर्गात सतराचा पाढा पाठ असलेली ती एकटीच होती. त्यानंतर 71 पाशी 143 आली, तेव्हा सगळ्या माना तिच्याकडेच वळल्या. अकरा गुणिले तेरा हे तिला लगेच सापडले नाही आणि तिने तसे सांगितलेही: "थांबा, मी बघते." शंभरच्या आत अशा संख्या दहा आहेत. त्या दिवशी वर्गाला नऊच सापडल्या. दहावी, म्हणजे 89, दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी लिहून ठेवलेली होती.

इतिहास माझा विषय नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. मेसोपोटेमियाच्या धड्यात, जिचे नाव आपल्याला ठाऊक आहे अशी जगातली पहिली लेखक म्हणून जिचा उल्लेख होतो, ती एनहेदुआना येते, आणि ती सारगॉन राजाची मुलगी होती असे ऐकेपर्यंत वर्ग तिला पुरुषच समजत असतो, असे आमच्या इतिहासाच्या बाई सांगतात. मुलींच्या शाळेतही.

विज्ञानाच्या तासाला कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग असतो. पातळ पापुद्रा काचपट्टीवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, वर आच्छादन काच अलगद तिरकी ठेवून सोडायची आणि सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल ते काढायचे. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना जे नाव दिले, तेच पुढे पेशीचे नाव झाले, एवढे पुस्तकात असते. काच घाईने ठेवली की खाली हवा अडकते, आणि गडद जाड कडांचे वाटोळे बुडबुडे पेशींपेक्षा कितीतरी ठसठशीत दिसतात. पहिल्या दिवशी वर्गातल्या बहुतेक वह्यांत हे बुडबुडेच मोठ्या कौतुकाने काढलेले असतात, नावे देऊन, कधी कधी आत केंद्रकसुद्धा काढून. केंद्रक पुस्तकात होते म्हणून ते चित्रात आले. डोळ्यांना दिसले ते आणि दिसायला हवे होते ते यांतला फरक या वयात पहिल्यांदा उमगतो, आणि तो उमगायला एका बुडबुड्याइतकी चांगली सामग्री मला तरी माहीत नाही.

आता ज्या विषयाबद्दल पालक आवाज खाली आणून विचारतात, त्याबद्दल. होय, मासिक पाळीविषयी सहावीत शिकवले जाते, आणि ते मुलींच्या शाळेत अधिक मोकळेपणाने होते, हे मी खात्रीने सांगू शकते. पहिली पाळी साधारणपणे दहा ते पंधरा या वयांत केव्हाही येते, म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलींत चार वर्षांचे अंतर पडले तरी दोघीही ठीक असतात. शरीराची माहिती आरोग्याच्या तासाला परिचारिका देतात. मी तोच विषय सरासरीच्या धड्यात पुन्हा घेते. अठ्ठावीस दिवस हा आकडा प्रत्येकीने कुठून तरी ऐकलेला असतो, आणि तारीख हुकली की तिला वाटते आपलेच काहीतरी बिघडले. मग मी फळ्यावर एका काल्पनिक मुलीची चार अंतरे लिहिते: 24, 38, 27, 31. बेरीज 120, सरासरी 30. "या चारांपैकी तीस दिवसांचे अंतर कोणते?" वर्ग शोधतो आणि मग हसतो, कारण एकही नाही. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत 21 ते 45 दिवसांचे अंतर सामान्य मानले जाते. तीन महिने पाळी आलीच नाही किंवा रक्तस्राव आठवडाभराहून अधिक लांबला, तर डॉक्टरांना दाखवायचे, हेही मी तिथेच सांगते. सरासरी कोणाचेच माप नसू शकते, ही गोष्ट मी क्रिकेटच्या धावा घेऊनही शिकवली आहे, परंतु ती इतकी पक्की बसलेली पाहिली नाही.

मुलींची शाळा म्हणजे सगळे गोडीगुलाबीचे, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. सहावी हे मैत्र्या तुटण्याचे वर्ष आहे. तिघींतल्या दोघी एक होतात, तिसरीला डबा खायला जागा राहत नाही, आणि हे सारे इतक्या शांतपणे घडते की शिक्षिकेला आठवडाभर पत्ता लागत नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही. मी मुलींना पुन्हा मैत्री करायला सांगत नाही. बोलायचे नसेल तर बोलू नका, काम मात्र दोघींनी मिळून करायचे, एवढेच सांगते. एकदा वर्गाचा नकाशा एकास पन्नास या प्रमाणात काढायचा होता आणि मोजपट्टीची दोन टोके अबोला धरलेल्या दोघींकडे होती. नऊ मीटरची भिंत मोजून झाल्यावर एकीने आकडा चिठ्ठीवर लिहून दुसरीपुढे सरकवला. नकाशावर ती भिंत बरोबर अठरा सेंटीमीटरची आली. त्या दोघी पुढे बोलू लागल्या की नाही, हे मला आठवत नाही.

राहता राहिला दाराशी विचारला जाणारा प्रश्न. प्रामाणिकपणे सांगायचे तर मुलींच्या शाळेत घातल्याने गुण वाढतात, असे मी म्हणणार नाही. 2014 साली 21 देशांतल्या सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे बाबी नीट जमेस धरलेल्या अभ्यासांत फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या शाळांचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. माझ्या स्वतःच्या एका समजुतीलाही धक्का बसला आहे. संमिश्र वर्गात प्रयोगाच्या वेळी उपकरण मुलांच्या हाती आणि टिपणवही मुलींच्या हाती जाते, हे मी शिकाऊ शिक्षिका असताना पाहिले होते, आणि इथे ती अडचण येणारच नाही असे गृहीत धरले होते. ती आली. इथे ज्या मुलीचे अक्षर सुंदर, तिच्याकडे प्रत्येक गट लेखणी देऊन मोकळा होतो, आणि ती वर्षभर इतरांनी पाहिलेले उतरवत बसते. म्हणून आता गटातली कामे हजेरी क्रमांकाने फिरतात; कोणालाही आवडीचे काम सलग दोनदा मिळत नाही.

गेल्या वर्षी वर्गातल्या सर्वांत सुरेख अक्षराच्या मुलीकडे त्या क्रमाने सूक्ष्मदर्शक आला, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी ती डोळा काढायला तयार नव्हती. त्या दिवशीचा अहवाल ज्या मुलीने लिहिला, तिची निम्मी अक्षरे मला अजून लागलेली नाहीत. आकृतीत मात्र एकही बुडबुडा नाही.