पिवळी की पांढरी

माझं काम बसबॉडीचं. शाळेच्या बस, कंपन्यांच्या स्टाफ बस, ट्रॅव्हल्सच्या गाड्या. पत्रा, पिलर, फ्लोअर, सीटा. अलीकडे जुनी बस घेऊन तिचं घर करायचं म्हणूनही लोक येतात. बहुतेकांच्या डोक्यात सुट्टीची भटकंती असते. हे जोडपं मात्र वेगळं होतं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सर बँकेतून. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि ते भाडं नि पेन्शन यावर कायमचं बसमध्येच राहायचं, असं दोघांनी ठरवलेलं. म्हणजे बस फसली तर परतायला घर नाही. मी त्यांना एकच अट घातली, टोकन द्यायच्या आधी गाडी मला दाखवायची.

जुन्या बसच्या विक्रीचा अड्डा पुण्याच्या नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढे. सरांच्या मनात एक 12 मीटरची स्लीपर कोच भरली होती. तिच्यावर मी फार वेळ घालवला नाही. यांना जायचं होतं भंडारदऱ्याला, मेळघाटात, कोकणातल्या खाडीकाठच्या वाड्यांवर. एवढी लांब गाडी तिथल्या रस्त्यांवर अडकते, आणि कशीबशी पोचली तरी वळवायला जागा मिळत नाही. सरांना ते लगेच पटलं.

उरल्या दोन मिडी, म्हणजे मध्यम लांबीच्या, बस, दोन्ही साधारण एकाच वयाच्या. पहिली एमएच-08, म्हणजे रत्नागिरीची, शाळेची पिवळी बस. चालली होती जेमतेम लाखभर किलोमीटर. रंग ताजा, सीटा घट्ट, इंजिन पहिल्या सेल्फला चालू आणि धूर जवळजवळ नाहीच. दुसरी एमएच-13, सोलापूरची पांढरी स्टाफ बस. चार लाखांच्या वर चाललेली, बंपर चेपलेला, सीटांचं रेक्झिन फाटलेलं. किंमत जवळपास सारखीच. बाईंनी पिवळीच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, हिच्यात बघायचं काय राहिलंय?"

मी चटई टाकून खाली शिरलो. चासीला नवाकोरा टार, म्हणजे गंज रोखायचा डांबरी लेप, मारलेला होता. जुन्या गाडीच्या पोटाला ताजा टार दिसला की माझा हात आपोआप हातोडीकडे जातो. लाँग मेंबर, म्हणजे चासीचे दोन लांब दांडे, चांगले होते, टण् आवाज आला. पण मागच्या चाकाच्या पाठीमागे, जिथे बॉडीचे पिलर फ्लोअरखालच्या आडव्या बेअररवर बसतात, तिथे आवाज बद्द आला. पेचकस लावून जरा दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. टारच्या खाली पत्रा नव्हताच, गंजाचा भुगा होता. पायरीखाली तेच, बॅटरीच्या पेटीमागे तेच. मी सरांना वाकायला सांगितलं आणि पेचकस त्यांच्याच हातात दिला. त्यांनी दोन ठिकाणी टोचून बघितलं आणि काही न बोलता उभे राहिले.

कमी किलोमीटरला लोक भुलतात. शाळेची गाडी रोज थोडीच धावते, बाकी वेळ उघड्यावर उभी. कोकणात उभी राहणं म्हणजे चार महिने मुसळधार पाऊस आणि बारा महिने खारा वारा. इंजिन झिजत नाही, पण सांगाडा कुजतो. इंजिन उतरवून पिस्टन-लायनर बदलता येतात, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. बेअरर आणि पिलर कुजले की अख्खी बॉडी नव्याने बांधायची, आणि तेवढ्या पैशात दुसरी बस येते. त्यात घराचं फर्निचर याच बेअररवर ठोकलेलं असणार. राहायला गेल्यावर गंज सापडला तर आधी संसार बाहेर काढावा लागतो, मग पत्रा.

पांढरीला हात लावला तर इंजिन गरम. आम्ही येण्याआधीच कुणीतरी चालू करून ठेवलं होतं. गरम इंजिन कुणाचंही गोड बोलतं. मी म्हटलं, थांबू. जेवून आलो, पुन्हा चहा झाला, इंजिन पूर्ण गार पडू दिलं. मग सेल्फ मारला तेव्हा निळा धूर निघाला, म्हणजे ऑइल जळत होतं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर तिथूनही वाफारा. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवलं, किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, प्ले होता, ढिली झालेली. ब्रेकची हवा भरून इंजिन बंद केलं, पेडल दाबून धरलं. काटा सुरुवातीला जरासा उतरला, मग जागचा हलला नाही, म्हणजे हवा गळत नव्हती. आणि खाली टारचा ठिपका नव्हता. वरवर गंजाची लाली, पण कुठेही ठोका, आवाज कणखर. सोलापूरची कोरडी हवा.

आत सर उभे राहिले. डोक्यावर चार बोटांहून जास्त जागा उरली. हे महत्त्वाचं आहे, कारण उन्हासाठी छताला आणि फ्लोअरला इन्सुलेशन घातलं की दोन्हीकडून मिळून तीनचार इंच जातात. पिवळीत सरांचं डोकं आत्ताच छताला टेकत होतं. बाई फ्लोअरवर आडव्या झोपून बघून आल्या. पलंग आडवा बसणार होता.

मग वजनाचं बोलणं. 32 सीटांची बस, माणशी 65 किलो धरले तरी दोन टनांच्या वर भार घ्यायला ती बनलेली. ऐकायला भरपूर वाटतं. पण 18 एमएमची 8 बाय 4ची एक प्लाय शीटच 30-35 किलोची, आणि 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो. बाईंना टाकी सगळ्यात मागे, पलंगाखाली हवी होती. मी नाही म्हटलं. मागच्या अॅक्सलच्या पलीकडे एवढं वजन टांगलं की पुढची चाकं हलकी होतात आणि घाट चढताना स्टेअरिंग हातात राहत नाही. टाकी दोन्ही अॅक्सलच्या मध्येच येणार. बाईंनी वहीत तसं लिहून घेतलं.

कागद बघितले तर आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, आणि बँकेची एनओसी आल्याशिवाय व्यवहार नाही, असं अड्डेवाल्याला सांगितलं. इंजिनाचं काम दाखवून किंमत बऱ्यापैकी खाली आणली. तो कुरकुरला, पण पेचकसाचा प्रकार त्यानेही बघितला होता.

पांढरी बस आता माझ्या शेडमध्ये आहे. सरांना सीटा लगेच काढून टाकायच्या आहेत, उत्साह मी समजू शकतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही, आणि कॅरावॅनसाठी, म्हणजे राहायच्या गाडीसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. तेव्हा प्रवासी बसची खासगी कॅरावॅन करायला काय काय लागेल ते आरटीओत लेखी विचारलंय. उत्तर हातात येईपर्यंत मी एकही सीट काढणार नाही. तोवर इंजिन खाली उतरवलंय, लायनर बाहेर काढलेत, आणि किंगपिनचा सेट मागवलाय.