एफएसटी शून्य आला, पण फुलपाखरू गेलं कुठे?

समजा, बडोद्याच्या कमाटीबागेतून आणि पावागडाच्या पायथ्यापासून प्लेन टायगर फुलपाखराचे वीस-वीस नमुने घेतले, सीक्वेन्सिंग करून डीएनए वाचला आणि एफएसटी ०.००५, म्हणजे जवळपास शून्य, आला. रिपोर्टच्या शेवटी हमखास एक ओळ येते: 'यावरून दोन्ही ठिकाणांमध्ये नियमित स्थलांतर होत असल्याचे सिद्ध होते.' गाडी घसरते ती इथेच.

एफएसटी म्हणजे दोन गटांमधला जनुकीय फरक मोजणारा आकडा. जनुकशास्त्रज्ञ राइट यांच्या जुन्या सूत्राप्रमाणे तो साधारण १ भागिले (४Nm + १) इतका असतो, आणि Nm म्हणजे दर पिढीला बाहेरून येऊन इथे वीण घालणाऱ्यांची संख्या. एकच पाहुणा धरला तर उत्तर ०.२० येतं. दहा धरले तर ०.०२४ आणि पन्नास धरले तर ०.००५. पावसाळ्यानंतर ज्या भागात हजारोंनी फुलपाखरं उडतात, तिथे पन्नास म्हणजे चिल्लर. पण एफएसटीला पन्नास आणि पन्नास हजार यांत जवळपास काही फरक दिसत नाही. शिवाय हे सूत्र दोन्हीकडची संख्या स्थिर आहे असं धरून चालतं. पावसावर वर-खाली होणाऱ्या कीटकांना ते कितपत लागू पडतं, हा वेगळाच वाद.

उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचं उदाहरण पाहा. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मोनार्क हिवाळ्याला मेक्सिकोतल्या ओयामेल या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात जातात, पश्चिमेकडचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, तपासला तर दोन्ही एकच समष्टी, म्हणजे आपसात वीण होणारा एकच गट. तरीही २०२०च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या गणनेत दोन हजारांहून कमी मोनार्क सापडले आणि पुढच्या हिवाळ्यात आकडा अडीच लाखांच्या आसपास गेला. जनुकांनी 'सगळे एकच' म्हटलं म्हणून पश्चिमेकडची घट खोटी ठरत नाही. जनुकं वीण कुणाची कुणाशी झाली ते सांगतात. या मोसमात किती फुलपाखरं कुठून कुठे गेली, हा प्रश्नच वेगळा आहे.

आता नमुन्यांकडे येऊ, कारण निम्मा घोटाळा प्रयोगशाळेच्या बाहेरच होतो. प्लेन टायगरची अळी रुईवर मिळते, आणि बडोद्यात 'आकडो' (रुईचं गुजराती नाव) म्हटलं की कुणीही बोट दाखवून झुडूप दाखवेल. पाण्याच्या टाकीमागे, कॅनॉलच्या कडेला, पडीक प्लॉटवर. काळी अळी, अंगावर पांढरे-पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. चार जोड्या दिसल्या तर ती कॉमन क्रो या दुसऱ्या फुलपाखराची. हात लावला की सगळ्या सापडतात, म्हणून एकाच झुडपावरून दहा उचलण्याचा मोह होतो. तो आवरा. मादी अंडी एकेक करून घालते, पण आजूबाजूच्याच पानांवर. म्हणजे त्या दहांतल्या निम्म्या सख्ख्या बहिणी-भावंडं निघण्याची पुरेपूर शक्यता. मग पीसीएमध्ये, म्हणजे जनुकीय साम्यानुसार नमुने मांडणाऱ्या आलेखात, बडोद्याचा वेगळाच पुंजका दिसतो आणि आपण त्याला 'स्थानिक समष्टी' म्हणून मोकळे होतो. एका झुडपावरून एकच अळी घ्या, झुडपांमध्ये अंतर ठेवा आणि डेटा आल्यावर नात्याचा अंदाज काढणाऱ्या प्रोग्रॅममधून भावंडं गाळून टाका. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर विकायला येणाऱ्या रुईच्या हारात अंडी सापडतात, पण ती पानं कुठून तोडून आणली ते हारवालाही धड सांगू शकत नाही. ठिकाण नसलेला नमुना म्हणजे नुसता डीएनए.

अळीचा आणखी एक त्रास. परजीवी माशीची पिलं आत असली, तर सीओआयचा (जात ओळखायला वापरतात त्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा) सीक्वेन्स सुंदर येतो, पण माशीचा. म्हणून शक्यतो प्रौढ फुलपाखरूच धरावं.

प्रौढ धरतानाही डोळे उघडे हवेत. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल करते की जाळीत आल्यावरही फसायला होतं. मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. नराला सुगंधी खवल्यांचा चौथा ठिपका असतो. नकली मादीच्या मागच्या पंखावर वरच्या कडेजवळ एकच ठिपका असतो. तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा चूक फक्त आलेखावर दिसेल असं समजू नका. जांबुघोडा अभयारण्यात तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळी बाहेरच काढू नये.

नर की मादी, हे जागेवरच लिहून ठेवा. फुलपाखरांत मादीला Z आणि W ही लिंगगुणसूत्रं असतात, नराला दोन Z. मादीत Z वरची प्रत्येक जागा एकेरीच असल्यामुळे तिथे विषमयुग्मता (एकाच जागी दोन वेगळ्या प्रती असणं) दिसतच नाही, आणि नोंद नसली की आपण 'अंतःप्रजनन', म्हणजे नात्यातली वीण, शोधत बसतो. प्लेन टायगर ज्यात मोडतो त्या डॅनस वंशात एक जादा गुणसूत्र Z ला जोडलं गेलेलं आहे, म्हणजे हा घोटाळा आणखी मोठ्या तुकड्यावर होतो.

डीएनएसाठी मधला एक पाय पुरतो, आणि फुलपाखरू सोडून देता येतं. पुढचे दोन आधीच आखूड, ते घेऊन उपयोग नाही. पूर्ण जीनोम करायचा असेल तर छातीचा स्नायू घ्यावा. पोट मात्र टाळा: आतड्यात खाल्लेलं असतं आणि वीण झालेल्या मादीच्या पोटात नराने दिलेली शुक्राणूंची पिशवी असते. एका मादीच्या नमुन्यात दोघांचा डीएनए आला की पुढचं सगळं गणित बिघडतं.

पाय ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये टाकायचा, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आपण गुजरातेत, दारूबंदीच्या राज्यात राहतो. प्रयोगशाळेच्या शुद्ध अल्कोहोललाही परवाना लागतो, त्याचा कोटा असतो आणि रजिस्टरमध्ये मिलिलिटरचा हिशोब. हार्डवेअरच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट हा त्यावरचा उपाय नाही. सोपा मार्ग सिलिका जेलचा: छोट्या कुपीत तळाशी रंग बदलणारे खडे, वर कापसाचा बोळा, त्यावर पाय. पाय लहान असल्यामुळे लवकर वाळतो. जुलैच्या दमटपणात खड्यांचा रंग बदलला की लगेच नवे घाला, नाहीतर बुरशी डीएनए खाऊन टाकते. छातीसारखा जाड तुकडा असेल तर २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए आणि मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं द्रावण वापरावं. इथेनॉल मिळालंच, तर ऊतीच्या किमान दहापट घ्या आणि एका दिवसाने बदला, कारण अंगातलं पाणी त्याला पातळ करतं. लेबल पेन्सिलने आणि कुपीच्या आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये जाते. सिलिकाचा एक फायदा पुढे कळतो: अल्कोहोलची कुपी कुरिअरवाला घेत नाही, वाळलेला पाय घेतो.

मार्करचं, म्हणजे डीएनएचा कुठला भाग वाचायचा याचं, थोडक्यात. सीओआयचा ६५८ बेसचा तुकडा जात ओळखायला उत्तम, पण स्थलांतर मोजायला तो वापरू नये. तो फक्त आईकडून येतो, आणि आईकडूनच येणारे जिवाणू त्याला फरफटत नेतात. पूर्व आफ्रिकेत, नैरोबीच्या आसपास, याच प्लेन टायगरमध्ये स्पायरोप्लाझ्मा नावाचा जिवाणू नर-संततीला अंड्यातच मारतो. तो पसरला तसा त्याच्याबरोबरचा मायटोकॉन्ड्रियाही पसरला. तिथे सीओआयमधली एकसारखेपणाची कथा जिवाणूची आहे, प्रवासाची नाही. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) फुलपाखरांत कुप्रसिद्ध आहेत: कमी मिळतात, आजूबाजूचे सीक्वेन्स एकमेकांसारखे असतात आणि शून्य अ‍ॅलील, म्हणजे असूनही चाचणीत न दिसणाऱ्या प्रती, भरपूर. आज कमी खोलीचं (प्रत्येक जागा मोजक्याच वेळा वाचणारं) जीनोम सीक्वेन्सिंग किंवा जीनोमचे ठरावीक तुकडेच वाचणारं रॅडसेक परवडत असेल तर तेच करावं. एसएनपी, म्हणजे एकाच बेसचा फरक असलेल्या जागा, हजारोंनी मिळाले की एका ठिकाणचे पंधरा-वीस नमुनेही चालतात.

मग फुलपाखरू गेलं कुठे, हे कळायचं कसं? पंखातून. अळीने जिथे खाल्लं तिथल्या पाण्यातल्या हायड्रोजन समस्थानिकांची (कमी-जास्त वजनाच्या हायड्रोजन अणूंच्या प्रमाणाची) छाप पंखात उतरते आणि नंतर बदलत नाही. १९९८ मध्ये मेक्सिकोतल्या मोनार्कचं जन्मस्थान असंच शोधलं गेलं. २०१३ मध्ये फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या पेंटेड लेडी जातीच्या फुलपाखरांनी अटलांटिक ओलांडून, ४,२०० किलोमीटरहून जास्त प्रवास केला, हे सांगायलाही जीनोम एकटा पुरला नाही. तो एवढंच म्हणाला की ती उत्तर अमेरिकेची नाहीत, आफ्रिका-युरोपकडची आहेत. बाकीचा उलगडा समस्थानिकं, वारा आणि अंगावर चिकटलेले सहेलमधल्या (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या) झाडांचे परागकण यांनी केला.

बडोद्यात हे करताना एक मेख आहे. कॅनॉलच्या कडेची रुई नर्मदेचं पाणी पिते, आणि ते पाऊस म्हणून इथे पडलेलं नसतं. नुसता पावसाचा नकाशा लावला तर इथेच जन्मलेलं फुलपाखरूही परगावचं ठरेल. म्हणून आधी गावातल्या पडीक जागेवरची आणि कॅनॉलची अशा दोन्हीकडच्या अळ्या वाढवून त्यांचे पंख मोजून घ्या, मगच उडत्यांकडे वळा. पंख कोरडाच, बटरपेपरच्या तिकोनी पाकिटात. पाय कुपीत. दोन्हींवर एकच नंबर.