दीड इंच

रविवारी दुपारी आईने मेथ्यांचा डबा उघडला आणि त्यात क्लचच्या स्प्रिंगा निघाल्या. मेथ्या कुठे गेल्या ते मला आजही सांगता येणार नाही. आई काही बोलली नाही, स्प्रिंगा ताटलीत ओतल्या, डबा हुंगला आणि बाजूला ठेवून दिला. मग आमटीला फोडणी देता देता म्हणाली, "गाडी चालू होणार आहे का रे कधी, की आम्ही असंच डिझेलच्या वासाचं जेवायचं?"

पूर्वी नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे. आता रॉकेल औषधालाही मिळत नाही, म्हणून डिझेल. त्याचा वास साबणाने जात नाही. ऑफिसात शेजारचा खुर्ची जरा लांब सरकवून बसतो, मी तिकडे लक्ष देत नाही.

जिन्याखाली साडेपाच बाय सातची जागा आहे. पूर्वी तिथे तुटका पाळणा, रद्दी आणि गणपतीची आरास असायची. आता येझदी मोटरसायकल आहे. 1976 ची, 250 सीसी. कागलच्या अलीकडे एका गोठ्यात वैरणीखाली होती. सीटवर कोंबड्या बसत आणि डाव्या टूलबॉक्समध्ये चक्क एक अंडं होतं. विकणाऱ्याने ते काढून घेतलं, गाडी मला दिली. व्यवहार सरळ होता.

येझदी कशी असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून पटत नाही. किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबायचा, फिरवून उभा करायचा, किक मारायची, आणि गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे आडवा होऊन गिअर. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. चावी खिळ्यासारखी, फिरवायची नाही, खुपसायची. आमच्या गल्लीत एकाची चावी हरवली तेव्हा त्याने वर्षभर खरोखरच खिळ्यावर गाडी चालवली, आणि गाडी चोरीला गेली नाही, कारण ती त्याच्याशिवाय कोणाला सुरूच होत नसे. मूळची ही चेकोस्लोव्हाकियाची जावा. 1961 पासून म्हैसूरला बनायला लागली आणि पुढे तिचीच येझदी झाली. नाव इराणातल्या यझ्द गावावरून, कारण कारखाना काढणाऱ्या इराणी कुटुंबाचं मूळ तिथलं. चेक हाडापेराची, पारशी नावाची, म्हैसूरची गाडी गोठ्यात सापडावी कागलला, यात मला काही विशेष वाटत नाही. आपल्याकडे सगळंच असं फिरत फिरत येतं.

वडिलांकडे येझदी होती. मी टाकीवर बसायचो. दोन्ही हात हँडलच्या मधल्या भागावर, मांड्यांखाली गार पत्रा, उन्हाळ्यात नको इतका गरम. गाडी सुरू झाली की मी तोंड उघडून "आऽऽऽ" करायचो. सरळ "आ" बाहेर येत नसे. इंजिन त्याचे बारीक बारीक तुकडे करायचं, आऽ-आऽ-आऽ-आऽ. वडिलांनी गिअर बदलला की तुकडे मोठे, पुन्हा वेग घेतला की बारीक. रंकाळ्यापर्यंत माझं हेच चालायचं. मागे आई बसलेली, दोघांच्या मध्ये ताई. ती पुढे वाकून ओरडायची, "बाबा, याला गप्प करा." बाबांना काही ऐकू जात नसे. येझदीवर बसलेल्याला काहीच ऐकू जात नाही, आणि त्या दिवसांतला आमच्या घरातला बराचसा समेट मला वाटतं त्यामुळेच टिकला.

पावसात ती हटकून बंद पडायची. बाबा शांतपणे उतरायचे, प्लग काढायचे, काडेपेटीच्या घासायच्या बाजूने त्याचं टोक घासायचे, फुंकायचे, आणि तो छत्रीखाली धरून आईकडे असं बघायचे की जणू पाऊस तिनेच आणलाय. एक जादा प्लग टूलबॉक्समध्ये, एसटीच्या तिकिटात गुंडाळून. तो मात्र कधी वापरायचा नाही. तो अडचणीसाठी होता, आणि ही काही अडचण नव्हती.

1987 ला ती गेली. 100 सीसीच्या नव्या गाड्या आल्या होत्या, लिटरला 80 जातात म्हणायचे, आमची 30 देताना उपकार करायची. वर पेट्रोलमध्ये ऑइल मापून टाका. बाबांनी हिशेब केला आणि विकली. असा हिशेब देशभर झाला असणार. 1996 ला म्हैसूरचा कारखानाच बंद पडला. यात रडण्यासारखं काही नाही. नव्या गाडीवर "आऽ" करून पाहिलं होतं, सरळ निघाला. नंतर केला नाही.

तर ही जिन्याखालची. इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या टाळक्यावरचा कार्बन मी जुन्या ब्लेडने खरवडला, तेव्हा खाली 65.50 असा आकडा दिसला. मूळ पिस्टन 65 मिलीमीटरचा, म्हणजे कोणीतरी आधी बोअर करून, सिलिंडर आतून कोरून मोठा करून, घेतलेलं. उद्यमनगरच्या लेथवाल्याने पुन्हा बोअर केलं, क्रँकची सील बदलली, दोन ठिकाणी आटे गेले होते तिथे नवे पाडले. इथवर सगळं सुतासारखं सरळ. भांडणं सुरू झाली ती वरच्या कपड्यांवरून.

भाचा म्हणतो, "मामा, मागचं मडगार्ड छाट, हँडल खाली घे, सीट एकाचीच कर, आणि सगळी मॅट ब्लॅक." मॅट ब्लॅक हा रंग मला सोसत नाही. तो तव्याचा रंग आहे, आणि तवा मी रोज दोन वेळा बघतो. दुसरीकडे आमचे एक ओळखीचे आहेत, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात तिथे भेटलेले. ते वाकून गाडीच्या बोल्टांची डोकी वाचतात. बोल्ट कंपनीचा नसला तर मान हलवतात, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी. त्यांच्या मते गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशीसारखी दिसली पाहिजे. मी दोघांचंही ऐकून घेतो. मनातून मी दुसऱ्यांच्या बाजूचा होतो. होतो म्हणजे, त्या रविवारपर्यंत होतो.

आमटी होईपर्यंत आईच्या नजरेआड राहावं म्हणून मी जिन्याखाली जाऊन फ्रेमला पॉलिश पेपर मारत बसलो. मेस्त्री आले होते. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण मला सायेब म्हणतात, आणि सायेब म्हणून झालं की माझं काहीही ऐकत नाहीत. इंजिनच्या पुढून जी नळी खाली उतरते तिच्यावर रंगाचा, ग्रीसचा आणि शेणाचा मिळून एक गोळा बसला होता. तो निघाला तसा दोन्ही बाजूंना बोटभर जाडीच्या दोन सळया दिसल्या. जेमतेम वीतभर लांब. टोकांना सायकलच्या पेडलचं रबर चढवलेलं.

"ह्ये काय कंपनीचं न्हाई," मेस्त्री म्हणाले. "पोराला टाकीवर बशीवलं की पाय टेकायला केलंय कुणीतरी. कापू? दोन मिन्टांचं काम हाय."

मी ग्राइंडरची वायर बोर्डात लावलीसुद्धा. बोल्टांची डोकी वाचणारे गृहस्थ डोळ्यांसमोर होते.

"वाकडं लावलंय बघा," मेस्त्री म्हणाले. खरंच, दोन्ही एका पातळीत नव्हती. डावीकडचं वर. मी टेप लावला. दीड इंच.

"घाईत केलं असेल," मी म्हणालो.

मेस्त्री खाली बसले, चष्मा पुसला, आणि जोडावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "घाईत न्हाई सायेब. पितळ सोडलंय. नळी जळू ने म्हणून पितळ सोडलंय. वेल्डिंग नादखुळा हाय. असं वेल्डिंग करणारा गडी दीड इंच चुकतोय व्हय?"

मी रबरं बघितली. दोन्ही दगडासारखी कडक झालेली, चिरा गेलेल्या. उजव्या रबराच्या रेघा पूर्ण झिजून गुळगुळीत झालेल्या, मधे चपलेने खळगा पाडलेला. डाव्या रबराच्या रेघा जशाच्या तशा. नखाने मोजता येत होत्या. अकरा.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्या, खाली जड बूट. तेव्हा प्रत्येक शाळेत असा एखादा असायचाच, पल्स पोलिओ 1995 ला आलं, तोवर आम्ही सगळे मोठे होऊन गेलो होतो. खेळाच्या तासाला त्याच्याकडे सगळ्यांची घड्याळं आणि पाकिटं सांभाळायला असायची. त्याला कधी कोणी विचारलं नाही की तुला हे काम आवडतं का. मीही नाही.

"कापायचं का?" मेस्त्रींनी विचारलं.

वरून आईची हाक आली, जेवायला चला. मेस्त्रीही वर आले. आमटीत मेथ्या नव्हत्या, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कोणी बोललं नाही.

गाडी आता तयार आहे. मरून रंग, टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, ओढणारा पेंटर सत्तरीचा आहे आणि श्वास रोखून ओढतो. सळया आहेत तिथेच आहेत, फ्रेमच्याच काळ्या रंगात. भाच्याने त्यांना मॉडिफिकेशन म्हणून मान्यता दिली आहे. बोल्टवाले गृहस्थ अजून यायचे आहेत. ते आले की मान हलवतील, हलवू देत.

गाडीचं जुनं आरसी पुस्तक माझ्याकडे आहे. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण पहिल्या मालकाचं नाव आणि पत्ता वाचता येतो. गडहिंग्लज. गल्लीसकट. टाकीवर बसणारा तो आता माझ्याच वयाचा असेल. त्याने "आऽ" केला असेल का, हे विचारायला कोणी एवढ्या लांब जात नाही, आणि गडहिंग्लज तसं लांबही नाही, येझदीवर दोन तास धरा.

सध्या पाऊस आहे. पावसात ती बंद पडते.