बारा की सत्तावन्न?

पहिली दोन वर्षं मी नववीला प्रोग्रॅमिंग शिकवलं ते व्याख्या सांगून. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप म्हणजे काय, मी फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि लॅबमध्ये तोच प्रोग्रॅम टाइप करायची. सगळ्यांचे प्रोग्रॅम चालायचे. त्यातली एक ओळ बदला म्हटलं, की वर्ग चिडीचूप.

म्हणून ठरवलं, आधी प्रश्न, व्याख्या नंतर. सुरुवातच फसली. 'लूप कसं चालतं ते शोधून काढा' असं सांगून मी बाजूला झाले. दोघांनी गेम उघडला, चौघं माझ्या मागे मागे फिरली, बाकीची स्क्रीनकडे बघत बसली. त्यांची काय चूक? एवढा अघळपघळ प्रश्न मला कुणी दिला असता तर मीही खिडकीबाहेरच पाहिलं असतं.

पुढच्या तासाला पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला छोटासा तयार प्रोग्रॅम दिला. एक संख्या विचारायची, दुसरी विचारायची, मध्ये अधिकचं चिन्ह, उत्तर छापायचं. अट एकच : रन करण्याआधी उत्तर वहीत लिहायचं, तेही पेनाने. (पेन्सिल दिली की नंतर सगळ्यांचंच बरोबर निघतं.) ५ आणि ७ दिले. झाडून सगळ्या वह्यांत १२. स्क्रीनवर ५७.

आधी हशा, मग "बाई, कॉम्प्युटर बिघडलाय!" मी गप्प. या पद्धतीत मला सगळ्यात जड गेलं ते हेच, उत्तर जिभेवर असताना तोंड मिटून उभं राहणं. एक जण म्हणाला, लहान आकड्यांनाच असं होत असेल. त्यानेच ५० आणि ७० देऊन पाहिलं, ५०७० आलं. कुणी अधिकच्या जागी वजा टाकलं, तर लाल अक्षरांत एरर. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "याने बेरीज केलीच नाहीये, शेजारी शेजारी चिकटवलंय." खात्री करायला तिने पहिल्या संख्येला ३ ने गुणलं. १५ नाही, ५५५ आलं. "बघा, तीनदा चिकटवलं!"

'स्ट्रिंग', म्हणजे अक्षरांची माळ, हा शब्द मी फळ्यावर लिहिला तो यानंतर. कीबोर्डवरून आलेलं काहीही पायथॉन आधी अक्षरं म्हणूनच घेतो, त्याची संख्या आपण करून घ्यायची, हे सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

अर्थात सगळंच शोधायला लावण्यात अर्थ नाही. अट तपासणाऱ्या 'इफ'च्या ओळीशेवटी कोलन लागतो, कारण भाषा बनवणाऱ्यांनी तसं ठरवलंय. मुलांनी डोकं आपटून तो शोधावा कशाला? अशा गोष्टी मी सरळ सांगून मोकळी होते.

सर्चिंगला, म्हणजे ढिगातून हवं ते शोधण्याच्या धड्याला, संगणक सुरूच केले नाहीत. १ ते १०० मधला आकडा मी मनात धरला, मुलांनी ओळखायचा, मी फक्त 'मोठा' किंवा 'लहान' म्हणणार. दरवेळी निम्मे आकडे बाद करत गेलं की जास्तीत जास्त ७ प्रयत्नांत सापडतो, हे त्यांनीच काढलं. मग १००० पर्यंत किती प्रयत्न? बहुतेकांनी ७० लिहिलं. निघाले १०. दहा लाखांना २०, हे ऐकून मागच्या बाकांनीही माना वर केल्या. मग मी आकड्यांची कार्डं पिसून पालथी मांडली. आता सांगा कुठलं निम्मं बाद करायचं! आधी क्रम लावावा लागतो, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

वेळ मात्र खूप खातं हे. त्या वर्षी पोर्शन मागे पडला आणि शेवटचे दोन धडे मी जुन्याच पद्धतीने, भराभर उरकले. त्याचा फार पस्तावा नाही.

गेल्या आठवड्यात एक मुलगा मधल्या सुट्टीत आला. "बाई, ०.१ आणि ०.२ ची बेरीज किती?"

"०.३."

"वहीत लिहा. पेनाने."

लिहिलं. त्याच्या स्क्रीनवर ०.३०००००००००००००००४. दशांशात एक तृतीयांश जसा संपत नाही, तसा बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ० आणि १ च्या पद्धतीत, एक दशांश संपत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आता ०.५ आणि ०.२५ ची करून बघ," एवढंच म्हटलं.