पट्टीत रुपया कुठे गेला?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब, काढणारा जुना प्रोग्रॅम आहे, तोही पायथॉन २ मधला, असं धरू. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, म्हणजे तो बदलावा लागणारच. पण लगेच कोडला हात घालू नका. आधी गेल्या हंगामातल्या पट्ट्या जुन्या प्रोग्रॅममधून पुन्हा काढून फायलींत ठेवा. नव्याचा हिशोब त्यांच्याशीच ताडायचा आहे.

मग पायथॉन २ चा कोड पायथॉन ३ मध्ये बदलणारं 'टू-टू-थ्री' हे साधन चालवा. पायथॉन ३.१३ मधून ते काढून टाकलंय, म्हणून ३.१२ किंवा त्याआधीची आवृत्ती घ्या. प्रिंटला कंस वगैरे ते घालतं. भागाकार आणि राउंडिंगला मात्र हात लावत नाही, आणि घात तिथेच होतो. १,२६० ला ५० ने भागलं की पूर्वी २५ पोती यायची, आता २५.२ येतात, तिथे दुहेरी तिरकी रेघ हवी. राउंड त्याहून लबाड. हमाली १२.५० असेल तर जुना १३ द्यायचा, नवा १२ देतो, कारण नेमक्या अर्ध्यावर तो सम संख्येकडे झुकतो. १३.५० ला दोघांचेही १४! म्हणून काही पट्ट्या जुळतात, काहींत रुपयाचा फरक पडतो. शेतकरी रुपया सोडत नाही, सोडूही नये. पैशाला डेसिमल (दशांश नेमका ठेवणारा प्रकार) वापरा, 'राउंड हाफ अप' (अर्धा नेहमी वर) स्पष्ट लिहा आणि आकडा फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश) नव्हे, स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्या.

छपाईचे रकानेही वाकडे होतात. 'हळद'ची लांबी जुन्यात ९ बाइट, नव्यात ३. 'मिरची' दिसायला तीन अक्षरं, मोजणीत ५, कारण वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. सोपा उपाय: आकडे आधी, मालाचं नाव ओळीच्या शेवटी.

सगळं जुळल्यावरच कोडची मांडणी एकसारखी करणारं 'ब्लॅक' चालवा, २२.१ पासून त्याला पायथॉन २ वाचताच येत नाही. ओळ ८८ अक्षरांची की ७९ ची, यावर दुपार घालवू नका. मांडणीचा कमिट (बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या गिटमधली एक नोंद) वेगळा ठेवा, त्यात लॉजिकची एकही ओळ नको. त्याचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत लिहून ती ब्लेमच्या (कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेच्या) 'इग्नोर रेव्ह्ज फाइल' सेटिंगला जोडा (गिट २.२३ पासून ही सोय आहे), नाहीतर ओळीओळीवर मांडणी करणाऱ्याचंच नाव दिसेल.

नावं ब्लॅक सुधारत नाही. हमाली आणि तोलाई दोन्हींचं इंग्रजीत 'लेबर चार्ज' केलं की दोन वेगळ्या रकमा एकाच व्हेरिएबलमध्ये शिरतात. मराठी शब्दच ठेवा, प्रत्येकाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि ती यादी दुकानातल्या दिवाणजींकडून तपासून घ्या.