सायगोंचा फोटो मिळेना

दिवाळी अंकातला एक लेख मेइजी काळातल्या (1868 ते 1912) जपानवर होता. फोटो शोधायचं आणि कॅप्शन लिहायचं काम माझ्याकडे. फुकुझावा युकिची, इतो हिरोबुमी, ओकुबो तोशिमिची ही मंडळी टोक्योच्या राष्ट्रीय डाएट (म्हणजे संसद) ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात पटापट मिळाली. गाडी अडली ती सामुराई नेते सायगो ताकामोरींपाशी.

"अहो, नेटवर ढिगाने आहेत की!" संपादक म्हणाले.

आहेत, पण तो जाड भुवयांचा, रुंद जबड्याचा चेहरा म्हणजे फोटो नव्हेच, चित्र आहे. सायगो 1877 मध्ये गेले आणि त्यांचा खात्रीचा एकही फोटो आजवर सापडलेला नाही. चित्र काढलं एदोआर्दो कियोस्सोने या इटालियन माणसाने, तेही त्यांच्या मृत्यूनंतर. जपान सरकारच्या नोटांसाठी कोरीवकाम करणाऱ्या या कलाकाराने सायगोंना कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून चेहऱ्याचा वरचा भाग धाकटे भाऊ त्सुगुमिची यांचा घेतला, खालचा चुलतभाऊ ओयामा इवाओ यांचा. गंमत म्हणजे सम्राट मेइजींचा शाळाशाळांत लावलेला तो प्रसिद्ध 'फोटो'ही याच कियोस्सोनेच्या चित्राचा फोटो!

तेवढ्यात डिझायनर पोराने एक ग्रूप फोटो पाठवला. प्रत्येक डोक्यावर नाव. "ताई, यात सायगो आहेत, साकामोतो र्योमापण आहे!"

मोठा करून पाहिला. मधोमध दाढीवाले डच मिशनरी शिक्षक गिडो व्हर्बेक, शेजारी त्यांचं लहान मूल, भोवती कमरेला तलवारी लावलेले चाळीसहून जास्त तरुण. नागासाकीच्या उएनो हिकोमाने 1868 च्या सुमारास काढलेला हा फोटो. बसलेले बहुतेक सगळे सागा संस्थानच्या शाळेतले विद्यार्थी. 1970 च्या दशकात एका चित्रकाराने यात बडी बडी नावं ओळखल्याचा दावा केला, तेव्हापासून तो फिरतोय. आणि र्योमा, तो प्रसिद्ध सामुराई? त्याचा तर 1867 मध्येच क्योतोत खून झाला होता. मेलेला माणूस पुढच्या वर्षीच्या ग्रूप फोटोत कसा बसेल?

संपादकांना एवढं एकच कारण पुरलं. सायगोंचं चित्र लहान करून 'कियोस्सोनेने काढलेलं काल्पनिक व्यक्तिचित्र' अशी ओळ टाकली. मोठी जागा र्योमाच्या खऱ्या फोटोला दिली: नागासाकीतच, उएनोच्या स्टुडिओत काढलेला, किमोनोवर चक्क पाश्चात्त्य बूट, हात छातीशी आत खुपसलेला. डिझायनरला तोच जास्त आवडला.